वाफबाईचा पहिला घोट

माझी भावजय काचेच्या कारखान्यात चहा करायची. तिला तिथे सगळे वाफबाई म्हणत, कारण पातेल्यावरचं झाकण उचललं की तिचं डोकं वाफेत नाहीसं व्हायचं आणि खाली नुसतं धड चहा ढवळताना दिसायचं. नव्याने कामाला लागलेली माणसं दचकत. जुनी म्हणत, "घाबरू नका, डोकं आहे तिला, फक्त रोज वापरत नाही." हे ती स्वतःच मला सांगायची आणि स्वतःच हसायची.

कारखाना म्हणजे एक लांबलचक पत्र्याचं छप्पर, मधोमध गोल भट्टी, आणि भट्टीच्या पोटात मातीच्या मोठाल्या मुशी, ज्यांत काच वितळते. ही भट्टी विझवत नाहीत. सुट्टीच्या दिवशीसुद्धा कोणीतरी तिच्याजवळ बसून असतं. आत पाऊल टाकलं की आधी उष्णता जाणवत नाही, आवाज जाणवतो. कोणीतरी फार मोठं, झोपलेलं, तोंड उघडं टाकून श्वास घेतंय असा.

कामाची पाळी सुरू होण्याआधी वाफबाई उकळत्या पातेल्यातून एक पेला भरायची, भट्टीच्या तोंडासमोर जाऊन उभी राहायची आणि न फुंकता एक घोट घ्यायची. त्यानंतर बाकीच्यांना चहा, आणि त्यानंतर पहिली काच. हे कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. एकदा ती तापाने घरी राहिली होती आणि नेमकी त्याच दिवशी एक मूस तडकली, वितळलेली काच भट्टीच्या तळात सांडली, आठवडाभर काम बंद. तेव्हापासून तिच्या घोटाशिवाय कोणी काच फुगवायच्या फुंकणीला ओठ लावत नसे. पुढे पुढे तर घशाखाली जाणारी कुठलीही नवी गोष्ट आली की हेच. कंपनीने नवं सरबत आणलं, वाफबाई आधी. जंताच्या गोळ्या वाटल्या, वाफबाई आधी. तिने गोळी गिळली, जीभ बाहेर काढून दाखवली, मगच बाकीच्यांनी हात पुढे केले.

मी त्या वेळी शहराच्या आरोग्य समितीवर होते. कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेली बाई, पगार मागणार नाही आणि वेळेवर येईल, म्हणून घेतलं असावं. गेल्यावर कळलं की कामाला तोटा नाही. अन्ननलिकेच्या कॅन्सरचे रोगी आमच्या सरकारी दवाखान्यात येत ते बहुतेक सगळे अगदी शेवटी, पाण्याचा घोटही उतरेनासा झाल्यावर. त्यांत भट्ट्यांवर काम करणारी माणसं पुष्कळ. तंबाखू आणि दारू ही कारणं सगळ्यांना पाठ होती. जळजळीत गरम पिण्याचाही या रोगाशी संबंध असू शकतो म्हटलं की मात्र लोक हसत. चहाने कोणी मरतं का बाई?

एका सभासदाने पोस्टरं लावू या म्हटलं. मी म्हटलं, जरूर लावा, पण तुमची पोस्टरं ज्याला नीट गिळता येतं तोच उभा राहून वाचेल. ज्याचा घास अडकतो तो मान फिरवून पुढे जाईल.

बरीच वादावादी होऊन शेवटी योजना ठरली. कारखान्यांच्या कँटीनमध्ये चहाच्या किटलीवर उष्णता दाखवणारी तबकडी बसवायची आणि सुई खाली हिरव्या पट्ट्यात आल्याशिवाय चहा द्यायचा नाही. तपासणीची गाडी कारखान्याच्या दारात न्यायची, तीही कामाच्या वेळात, पगार न कापता. त्या गाडीत एक दोरा बांधलेली कॅप्सूल असे. ती पाण्याबरोबर गिळायची, दोऱ्याचं टोक तोंडाबाहेर ठेवायचं. पोटात कॅप्सूल विरघळते, आत दाबून बसवलेला स्पंज फुलतो, आणि तो दोऱ्याने वर ओढून काढताना अन्ननलिकेच्या अस्तरावरच्या पेशी त्याला चिकटून येतात. आणि तिसरी गोष्ट माझ्या हट्टाने आत गेली. ज्याला घास अडकतो त्याने तसं फक्त तोंडाने सांगायचं. त्याला दोरा नाही, कुठली चिठ्ठी नाही, हेलपाटे नाहीत. पंधरवड्याच्या आत थेट कॅमेऱ्याने तपासणी. मात्र सांगायचं त्याचं त्याने. घरच्यांच्या सांगण्यावर कोणाच्या घशात नळी घालणार नाही, असं डॉक्टर मंडळींनी बजावलं आणि मीच मान डोलावली.

योजना आधी एका हंगामापुरती. निम्मी तरी माणसं आली नाहीत तर गाडी बंद.

या सगळ्या गडबडीत एका सुट्टीच्या दुपारी मी भावाकडे जेवायला गेले. माझा भाऊ छापखान्यात मुद्रितं तपासायचा. छापलेली चूक त्याला अंधारातसुद्धा दिसते. समोर बसलेल्या बायकोच्या तोंडावरची दिसत नाही. ताटात बघते तर पातळ केलेला भात, कुस्करलेला बटाटा, शिजवून लगदा केलेला भोपळा आणि दुधात भिजवलेला पाव.

"हे काय, घरात कोणाला दात येतायत का?" मी विचारलं.

"येत नाहीत, पडायला आलेत म्हणून केलंय वन्सं. तुमचे."

"माझे सगळे जागच्या जागी आहेत. दगड दे, फोडून दाखवते."

"मऊ बरं असतं," भाऊ ताटातून मान वर न करता म्हणाला.

"कधीपासून बरं असतं?"

"काय कधीपासून?"

मी उठून पाणी घ्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले आणि डबे उघडून बघितले. मला लोकांचे डबे उघडायला संकोच वाटत नाही. शेंगदाणे नाहीत. बिस्किटं नाहीत. फळांच्या टोपलीत नुसती पिकून काळी पडलेली केळी. पावाच्या कडा कापून एका बशीत पक्ष्यांसाठी ठेवलेल्या. त्या घरात चावावं लागेल असं काहीही उरलेलं नव्हतं. दोघंच राहत होती ती, पण मला वाटलं, इथे तिसरं कोणीतरी राहायला आलंय आणि रोजचा बेत त्याला विचारून होतोय.

परत येऊन बसले आणि तिच्याकडे बघत राहिले. लहानसा घास. तो चावून चावून पार नाहीसा करायचा. मग पाणी. मग थांबायचं. थांबायची तेव्हा तिचा हात छातीच्या हाडावर जायचा आणि मान जराशी कलायची, बंद दाराला कान लावून उभं राहावं तशी. थोड्या वेळाने चेहरा सैल व्हायचा, आणि पुढचा घास.

"अडकतंय का गं?"

"शूः!" ती एवढ्या जोरात म्हणाली की भावानेही वर बघितलं. "जेवताना नाही."

भांडी आवरताना तिने नळ सोडून ठेवला आणि त्या आवाजाच्या आडून बोलली.

"हळू बोला वन्सं. ऐकतं ते."

"कोण ऐकतं?"

"आजीकडे होतं. तिच्यानंतर बाबांकडे आलं. तुम्हाला माहीत नाही, आमच्या घरात त्याबद्दल बोलायची पद्धतच नव्हती."

तिचे वडील याच कारखान्यात भट्टीत जळण टाकायचे. आधी त्यांनी पावाच्या कडा सोडल्या, मग पाव, मग भाजीतले तुकडे. आई न बोलता बेत बदलत गेली. आज बाबा भात नको म्हणताहेत, असं ती कधी म्हणाली नाही. म्हणायची, "आज ते भात नको म्हणतंय." पोरं निमूटपणे पेज प्यायची. शेवटी शेवटी बाबा खिडकीशी बसून राहत, चमचाभर पाणी ओठांपर्यंत नेत आणि तसंच परत वाटीत ओतत. पाणी सांडू न देता ओतत, कारण त्यांचा हात भक्कम होता. नुसता घसा त्यांचा राहिला नव्हता.

"मग डॉक्टरकडे नेलं," ती म्हणाली, "आणि महिन्याभरात गेले. आजीचंही तेच. आमच्यातलं डॉक्टरकडे गेलेलं माणूस परत ताटावर बसलेलं नाही."

"अगं, पाणी उतरेना तेव्हा गेले ते! तोवर डॉक्टरच्या हातात काय उरतं?"

"तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला सगळं उलटं दिसतं."

"मला सरळच दिसतंय. तूच डोक्यावर उभी आहेस."

ती हसली. हसू मध्येच कुठेतरी अडलं, आणि ती परत तशीच मान कलती करून थांबली. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "गरम घोट गेला की ते गप्प बसतं. जेवढा गरम, तेवढं जास्त वेळ."

म्हणजे भट्टीसमोरचा तो रोजचा घोट ही आता कारखान्याची हौस राहिली नव्हती. ती छातीतल्या कोणाला तरी गप्प ठेवण्यासाठी दर पाळीला स्वतःला भाजून घेत होती. मला जीवशास्त्र येत होतं, म्हणून मला तिच्याहून जास्त भीती वाटली. मला तिच्याकडून एकच हवं होतं. तिने एकदा, डॉक्टरासमोर, घास अडकतो असं तोंडाने म्हणावं. वेळेत म्हटलं तर ती जगेल अशी आशा होती. आणि ती म्हणत नव्हती, आणि तिच्या वतीने मी म्हणून चालणार नव्हतं.

"भावाला सांगू?" मी धमकावलं.

"सांगा. ते म्हणतील, मऊ बरं असतं."

किटल्यांवर तबकड्या बसल्या, भट्टीसमोरचा पहिला घोटही आता सुई उतरल्यावरच. कारखान्यात जी बोंबाबोंब झाली ती विचारू नका. सगळ्यांत जुने कारागीर फुंकेमास्तर. गालांच्या पिशव्या झालेल्या, आवाज बारीक, जीभ तिखट. मी तपासणीला गेले तेव्हा त्यांनी पेला माझ्या नाकाखाली धरला.

"बाई, हा चहा की पाय धुवायचं पाणी?"

"पाय धुवा आणि प्या. जिवंत राहाल."

"सुईच्या टोकावर जगायला सांगताय म्हातारपणी."

त्याच आठवड्यात मूस तडकली. मुशींना आयुष्य असतं, त्या कधी ना कधी तडकतातच, हे मुकादमाला तिथल्या कोणाहीपेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्या दिवशी त्यालाही ते आठवलं नाही. तडकतानाचा आवाज मी ऐकला, मी दारातच होते. मोठा नव्हता. घसा खाकरल्यासारखा होता. सगळी माणसं जागच्या जागी थांबली आणि त्यांनी भट्टीकडे बघितलं नाही, वाफबाईकडे बघितलं.

नंतर मी तिला शोधत कँटीनच्या मागे गेले. ती खांबाच्या आड उभी होती. हातात पेला, आणि पेल्यातला चहा अजून बुडबुडत होता. डोळे मिटून तिने तो घशात ओतून घेतला. मग हात छातीवर, मान कलती. मी तिच्यापासून हाताच्या अंतरावर होते, पण तिला माझी चाहूल लागली नाही. ती माझ्याकडे नव्हे, दुसरीकडे कान देऊन होती.

मी तशीच मागे फिरले. आरडाओरडा करणारी बाई मी, पण त्या वेळी आवाज केला असता तर तिच्याऐवजी भलतंच कोणीतरी ओ देईल असं मला वाटलं. वाटलं ते वाटलं, लपवून काय करू?

थोड्याच दिवसांनी, भर दुपारी, ती माझ्या घरी आली. कामावरचा फडका कमरेला तसाच, चप्पल न काढता सरळ आत.

"वन्सं, फुंकेमास्तरांकडेही आहे."

"काय आहे?"

"ते माझ्याकडे चोरून मागतात. सुई उतरायच्या आधीचा दे म्हणतात, उकळीचा. मला वाटलं, खोड आहे. पण आज पेले धुतले. त्यांच्या पेल्याच्या तळाशी पावाचा लगदा होता. भिजवून पितात ते पाव. आणि प्यायल्यावर..." तिने हात छातीशी नेला.

"मग?"

"मग काय मग! आजी गेल्यावर ते बाबांकडे आलं. बाबा गेल्यावर इतकी वर्षं कुठेतरी थांबलं आणि माझ्याकडे आलं. एकाकडून उठतं तेव्हा दुसऱ्याकडे बसतं. मी तर अजून आहे. मग त्यांच्याकडे कसं गेलं?" तिने माझं मनगट धरलं. हात थंडगार होते, चहा करणाऱ्या बाईचे. "आणि ते जर त्यांच्याकडे आहे, तर माझ्याकडे कोण आहे?"

मला गप्प बसायची सवय नाही. पण इतके दिवस मी जे सांगून थकले होते त्याच्या दारापर्यंत ती आपल्या पायांनी आली होती, आणि मला तिला मागून ढकलायचं नव्हतं.

"कोणी नाहीये गं," शेवटी मी म्हटलं. "आजार आहे तो. एका वेळी हजारांना होतो."

तिने माझं मनगट सोडलं.

"हे तर त्याहून वाईट झालं," ती म्हणाली. "कोणी असतं तर त्याला विनवता आलं असतं."

"विनवून आजीचं आणि बाबांचं काय झालं?"

"हं." तिने कमरेचा फडका घट्ट केला. "तुमच्या त्या गाडीत मास्तर जाणार नाहीत. मी गेल्याशिवाय कोणीच जाणार नाही."

"ते मला माहीत आहे."

"मी गेले आणि तिकडेच राहिले, तर?"

"न जाता तू काय इथे राहणार आहेस?"

"तुम्ही गोड बोलायला कधी शिकणार वन्सं?"

"तू बरी झालीस की."

गाडी आली त्या दिवशी आवारात वारा फार, धूळ उडत होती. म्हणून खुर्च्या आत छपराखाली मांडल्या, काच गार करायच्या खोल्यांच्या भिंतीशी. डॉक्टरीण तरुण, चटपटीत, बाह्या दुमडलेली. तिने डबा उघडला, दोऱ्याला बांधलेल्या कॅप्सूल मांडून ठेवल्या आणि वर बघितलं. समोर सगळा कारखाना उभा, पण खुर्चीवर कोणी नाही.

"या की. मी काय शोभेला बसलेय?"

"वाफबाई आधी," मुकादम म्हणाला.

"कोण वाफबाई? आणि आधी का?"

मागून भट्टीचा श्वास तेवढा चालू होता. मग गर्दी दुभंगली आणि ती फडक्याला हात पुसत आली, खुर्चीवर बसली, पाय जुळवून, गुडघ्यांवर हात ठेवून. माणसांनी टोप्या काढल्या. का काढल्या ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

डॉक्टरणीने कॅप्सूल हातात घेतली आणि नेहमीचे प्रश्न विचारले. जेवताना घास अडकतो का? गिळताना दुखतं का? वजन उतरलंय का?

वाफबाईचा हात छातीच्या हाडाकडे गेला. मान कलली. ती ऐकत होती. आणि मी शपथेवर सांगते, तिच्याबरोबर तिथला प्रत्येक माणूस ऐकत होता, मान कलती करून, काय ते माहीत नसताना. भट्टीचा आवाज त्या क्षणी थांबला होता असं पुढे सगळ्यांनी मला सांगितलं. भट्टी थांबत नसते. पण माझंही भट्टीकडे लक्ष नव्हतं.

"अडकतो," ती पुटपुटली.

"काय म्हणालात?"

"अडकतो!" छपराच्या पत्र्यावर आदळून तो शब्द परत आला. "पावाचा अडकतो. आता भाताचाही अडकायला लागलाय. किती दिवस झाले ते मला सांगता येणार नाही, कारण मी मोजायचं नाही असं ठरवलं होतं."

डॉक्टरणीने कॅप्सूल परत ठेवली. "मग तुम्हाला दोरा नाही द्यायचा. तुमची सरळ कॅमेऱ्याने तपासणी. याच आठवड्यात."

मागे कुजबुज सुरू झाली. तिने गिळलंच नाही. मग आधी कोण गिळणार? दोन-चार माणसं मागच्या मागे सरकलीसुद्धा. नियम करताना आम्ही सगळा विचार केला होता, पण पहिला घोट घेणारी बाईच न गिळता उठेल, याचा विचार कोणी केला होता?

वाफबाई उभी राहिली.

"कुठे निघालात? गिळायला काय लागतं, जंताच्या गोळ्या गिळल्याच की. बोलायला लागतं. ते मी आधी केलंय. फुंकेमास्तर, बसा इथे. आणि खरं बोला हं, तुमचा पेला मी धुते."

कोणीतरी फसकन हसलं. फुंकेमास्तर आले. खुर्चीवर बसायला त्यांना फार वेळ लागला. आयुष्यभर ज्या छातीने काच फुगवली ती छाती त्यांनी भरून घेतली आणि प्रश्न पुरा व्हायच्या आतच श्वासाबरोबर शब्द सोडला. "अडकतो."

त्यानंतर बाकीचे बसले. कॅप्सूल गिळायची, थोडं थांबायचं, तोवर बोलायचं नाही. भिंतीशी माणसांची एक लांब ओळ, तांबूस उजेडात, सगळ्यांची तोंडं मिटलेली आणि प्रत्येकाच्या ओठांच्या कोपऱ्यातून एक पांढरा दोरा खाली लोंबणारा. एरवी एकमेकांच्या आया-बहिणी काढणारी ही माणसं. त्या दिवशी नुसती समोर बघत बसली होती, आपल्या आत काय चाललंय त्याकडे लक्ष लावून. डॉक्टरीण एकेकाजवळ जाऊन दोरा ओढायची. वर काय येतंय ते शेजारचा माणूस मान न वळवता बघायचा. यायचा तो ओला, मळकट, बोराएवढा स्पंज. पण प्रत्येक वेळी तो बाहेर येईपर्यंत मीही श्वास धरून होते.

कॅमेऱ्याची तपासणी झाल्यावर मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी वाफबाईला फोटो दाखवला. गुलाबी, ओली गुहा आणि तिच्या वळणावर खरबरीत, फुगीर, लालसर काहीतरी, एका बाजूला धरून बसलेलं. भाऊ भिंतीला टेकून उभा होता. तपासून देता येणार नाही असा मजकूर त्याला पहिल्यांदाच भेटला होता. ती मात्र फोटोवर वाकली.

"हे?" ती म्हणाली. "एवढंसं? आणि मी याला विचारून स्वयंपाक करत होते?"

ते अन्ननलिकेच्या भिंतीतच होतं, पुढे पसरलेलं नव्हतं. अजून एखादा हंगाम गेला असता तर माझ्याकडे सांगायला वेगळी गोष्ट असती. आधी औषधं, मग मोठी शस्त्रक्रिया. अन्ननलिकेचा तेवढा भाग काढला आणि पोटच वर ओढून जोडलं. ती हाडांचा सापळा होऊन घरी आली आणि आल्या आल्या भावाला म्हणाली, "मऊ बरं असतं म्हणालात तर बघा."

फुंकेमास्तरांना उशीर झाला होता. ते खिडकीशी बसत नसत. दारात बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून सांगत, "अडकतो रे मला, मी सांगितलं नाही वेळेवर, तू सांग." ते गेले तेव्हा हंगाम संपायचा होता. दोरा गिळलेल्यांपैकी काही जणांच्या पेशींत बिघाड सापडला, पण कोणालाच अजून रोग झालेला नव्हता. त्यांच्यावर आता दवाखान्याचं लक्ष असतं. समितीत योजना कायम झाली आणि दुसऱ्या भट्ट्यांवरही गेली. एक सभासद म्हणाला, एवढ्या खर्चात सापडले किती? मी त्याला म्हटलं, तुम्ही तिच्या घरी जेवायला या आणि ताटावर बसून हाच प्रश्न विचारा.

वाफबाई परत कामावर गेली. चहा सुई उतरल्यावरच देते. पहिला घोट आता कोणी घेत नाही. त्याऐवजी पेला पुढे करताना ती प्रत्येकाला विचारते, "घास अडकतो का?" आणि उत्तर ऐकेपर्यंत पेला सोडत नाही. माणसं वैतागतात, हसतात, पण सांगतात. "नाही बाई, सोडा आता पेला."

तिला स्वतःला थोडं थोडं, दिवसातून पुष्कळदा खावं लागतं. गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे जेवायला होते. तिचं लवकर आटोपलं. मी कडक भाजलेला पाव मोडत होते, भाऊ खाली मान घालून जेवत होता. मी पाण्याचा घोट घेतला. वर बघितलं, तर ती माझ्या चेहऱ्याकडे नाही, गळ्याकडे बघत होती. डोळे न मिटता. घास गिळला की तिची नजर त्याच्याबरोबर हळूहळू खाली उतरायची, गळपट्टीपर्यंत, तिथून छातीवर, आणि तिथे थांबायची. मान जराशी कलती.

"काय बघतेस?" मी विचारलं.

"काही नाही. जेवा."

"अगं, माणसाने खायचं कसं असं कोणी बघत बसल्यावर?"

"मागच्या घासाला तुम्ही पाणी प्यायलात."

"तहान लागली होती!"

"असेल," ती म्हणाली. नजर हलली नाही.

मी पुढचा घास तोंडात घातला. चावला. गिळला. तो सरळ खाली गेला, कुठेही अडकला नाही. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला तो सगळ्या वाटेने जाताना कळला, आणि तिघंही आम्ही, भाऊसुद्धा, तो पोचेपर्यंत हात थांबवून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीकडे गेले आणि दोरा गिळून आले.